मर्दांनो, बांगड्या परत घ्या

मोर्चा पाण्यासाठी होता. अकरा दिवस वस्तीच्या नळाला टिपूस नव्हतं. कचेरीच्या दारात अडीचशे माणूस बसलं होतं, त्यात दोनशे तरी बाया. तीन तास ऊन खाल्लं, पण साहेब काही जिना उतरला नाही. तेव्हा आमच्यातला एक पोरगा उठला. चांगला पोरगा. वाचतो, बोलतो, अभ्यासवर्ग चुकवत नाही. त्यानं पिशवीतनं काचेच्या बांगड्या काढल्या, एक लुगडं काढलं आणि घोषणा दिली — साहेबाला बांगड्या भरा! टाळ्या पडल्या. फोटोवाले पुढं सरकले. मीही घसा फोडून ओरडलो.

माझ्या शेजारी साठीची एक बाई बसली होती. अकरा दिवस टँकरमागं पळून तिच्या टाचा फुटलेल्या. हातात तशाच काचेच्या बांगड्या. ती ओरडली नाही. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "का रं बाबा, बांगड्या भरल्यात म्हून मी घरात बसले व्हय?"

दोस्तांनो, मी चाळिशी गाठलेला माणूस आहे. वीस वर्षं चळवळीत भाषणं केली, पत्रकं लिहिली, पोलिसांचा मार खाल्ला. त्या बाईला द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून हे लिहितोय. तुम्हाला राग येईल. यावा. मला स्वतःचा आलाय.

जरा आपली जीभ बाहेर काढून आरशात बघा. नामर्द. बायल्या. बाईलबुद्ध्या. बायकोच्या ताटाखालचं मांजर. हातात बांगड्या भरल्यास का. रडतोस काय पोरीसारखा. आणि राग अनावर झाला की आय आणि बहीण. दुष्मन कुणीही असो — पाटील, फौजदार, मंत्री, बिल्डर — शिवी त्याला द्यायची आणि ओढायची मात्र त्याच्या आईला. या सगळ्या शब्दांचा अर्थ एकच होतो : जगात सगळ्यात हलकं काय, तर बाई असणं. पुरुषाला मातीत घालवायचं तर त्याला बाई म्हणा. हीच जीभ संध्याकाळी एखाद्या पोरीला म्हणते — माझं तुझ्यावर प्रेम आहे.

कसलं प्रेम? जी असणं ही तुझ्या लेखी शिवी आहे, तिच्यावर?

*

मला ठाऊक आहे हा रोग कुठनं आला. गावकुसाबाहेरच्या आपल्या आज्या-पणज्याला कुणी मर्द मानलंच नव्हतं. त्यानं पायात वहाण घालून पाटलाच्या दारावरनं जायचं नाही, धोतर गुडघ्याखाली सोडायचं नाही, वर मान करून बोलायचं नाही. जोहार घालायचा. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या बाईला हात घातला तरी हाताची घडी मोडायची नाही. ही जुनी गोष्ट म्हणून हसू नका. २०१७ साली गुजरातेत, गांधीनगरजवळच्या लिंबोदऱ्यात, दलित पोरांनी मिशी ठेवली म्हणून मार खाल्ला. तेव्हा देशभरच्या आपल्या पोरांनी मिशीला पीळ भरून फोटो लावले. बरोबर केलं. मिशी ठेवायचा, घोड्यावर बसून वरात काढायचा, मान ताठ ठेवून चालायचा हक्क आपला आहे आणि तो कुणाच्या बापाला मागायचा नाही.

पण गड्या, ती मिशी घरात शिरल्यावर काय करते ते बघ. रस्त्यावर पाटलासमोर पिळलेली मिशी घरात बायकोसमोर पिळली की तू पाटील झालास. त्यानं तुझं माणूसपण काढून घेतलं होतं. तू ते परत मागायला गेलास आणि येताना त्याचीच पाटीलकी उचलून आणलीस. आपल्याला माणूस व्हायचं होतं. वाटेत कुणीतरी हातात मर्दपणा टेकवला आणि आपण त्यालाच माणूसपण समजून घरी आलो.

माझ्या घरचंच सांगतो. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. बाप गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार रस्त्यावर आले आणि त्यातल्या हजारोंना गिरणीचं दार पुन्हा कधी उघडलंच नाही. माझा जन्म त्यानंतरचा. कामावर जाणारा बाप मी पाहिलाच नाही. गिरणगावातल्या कितीतरी बायांनी तेव्हा खानावळी चालवल्या, धुणीभांडी धरली, पापड लाटले. माझी आई दोन हापिसांत झाडू मारायची, चार घरची भांडी घासायची. पगार झाला की ती नोटा पदराच्या गाठीत बांधून आणायची आणि बापाच्या हातात ठेवायची. न मागता. घर त्याचं आहे असं त्याला वाटावं म्हणून. त्या रात्री हमखास मारामारी व्हायची. मला लहानपणी कळायचं नाही. आई पैसे आणते त्याच दिवशी बाप का मारतो? आज कळतं. ती नोट त्याच्या हातात पडली की त्याला नामर्दपणाचं सर्टिफिकेट मिळाल्यासारखं व्हायचं. गिरणीमालकानं त्याची नोकरी खाल्ली. मालकावर हात टाकता येत नव्हता. आई हाताच्या अंतरावर होती.

बापाला मी माफ केलं असेल, नसेल, तो माझा प्रश्न. तुम्हाला सांगायचं ते एवढंच की कमावणारा तोच पुरुष, हा हिशेब त्याला मालकानं शिकवला, गावानं शिकवला, सिनेमानं शिकवला. त्या हिशेबात तो स्वतः मेला आणि आईलाही जिवंतपणी मारून गेला. तो हिशेब चुकीचा आहे हे सांगायला तेव्हा लाल, निळा कुठलाच झेंडा आमच्या खोलीत आला नाही. सगळे झेंडे नाक्यावरच थांबले.

*

आता मुद्द्यावर येतो. जात कशानं टिकते?

९ मे १९१६. न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात, पंचवीस वर्षांचा एक पोरगा उभा राहिला आणि त्यानं भारतातल्या जातींवर निबंध वाचला. तुमच्याच वयाचा होता. मोठमोठे गोरे पंडित जातीचा उगम रंगात शोधत होते, धंद्यात शोधत होते. या पोरानं सांगितलं की जातीचा जीव जातीतल्या जातीत लग्न लावण्यात आहे. आणि पुढं विचारलं, जातीच्या बंद पेटीत एखादी बाई जास्त झाली, नवरा मेला आणि ती उरली, तर तिचं काय करायचं? जाळा. नाहीतर विधवा म्हणून जन्मभर कुजवा. आणि पुरुष उरला, बायको मेली, तर? त्याला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे. सत्ता त्याच्या हातात आहे. मग त्याच्यासाठी खालच्या वयाची कोवळी पोरगी आणा. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही गोष्टी जात बंद ठेवण्याच्या कड्या आहेत, हे बाबासाहेबांनी तेव्हा मांडलं. जात बाईच्या अंगावरनं बांधली जाते आणि बांधणारा हात पुरुषाचा असतो. तो हात कुठल्या जातीचा, हा प्रश्न नंतरचा.

आता खर्ड्याकडं या. २०१४ साली नगर जिल्ह्यातल्या त्या गावात आपल्या सतरा वर्षांच्या पोराला मारून झाडाला लटकवलं. कारण काय, तर तो वरच्या जातीच्या पोरीशी बोलत होता म्हणे. २०१७ मध्ये कोर्टातनं सगळे सुटले. त्याच जिल्ह्यात सोनईला २०१३ च्या पहिल्याच दिवशी सफाई करणाऱ्या जातीतल्या तीन पोरांना प्रेमप्रकरणावरनं कापलं. मारणारे कोण होते? बाप, भाऊ, चुलते, मामे. ज्यांची इज्जत त्यांच्या स्वतःच्या कर्तबगारीत नव्हती, घरातल्या पोरीच्या अंगात साठवून ठेवलेली होती. पोरगी तिच्या मनानं कुणावर जीव लावते म्हटल्यावर यांची मर्दानगी रस्त्यावर सांडते, आणि ती परत गोळा करायला यांना आपल्या पोराचं रक्त लागतं.

तेव्हा आपण सगळे रस्त्यावर आलो. मीही आलो. पण एक विचारतो, छातीवर हात ठेवून सांगा. तुमची बहीण मातंगाच्या पोराबरोबर दिसली तर? चांभाराच्या? मुसलमानाच्या? वस्तीतल्या पोरांनी जमून "आमची पोरगी" म्हणत कुणाला धरून बडवल्याचं तुम्ही पाहिलं नाही? मी पाहिलंय. बडवणाऱ्यांत निळे गमछे होते. "आमची" म्हणजे काय रे? तुमची शेळी? सोनईच्या मारेकऱ्यांकडं कोयता होता आणि आपल्याकडं चपलाच होत्या, एवढ्या फरकावर आपण क्रांतिकारक ठरतो काय?

*

आता तुमच्या आवडीनिवडीकडं येतो. इथं सगळे म्हणतात, "मन आहे, ते कुणावरही बसतं, त्यात राजकारण कशाला आणता?"

मन आकाशातनं पडत नाही. वधूवर मेळाव्यातले फॉर्म वाचा. आपलेच मेळावे, बुद्धवंदनेनं सुरू होणारे. "मुलगी गोरी, सडपातळ, शिकलेली, नोकरी असल्यास उत्तम, घरकाम येणारी, वयानं लहान, उंचीनं कमी." शिकलेली हवी, पण नवऱ्यापेक्षा एक इयत्ता कमी. पगार हवा, पण त्याच्यापेक्षा हजार रुपयांनी कमी. हे मन बोलतंय की मनू बोलतोय? काळी, उंच, तोंडाची फटकळ, तुझ्यापेक्षा जास्त वाचलेली पोरगी तुझ्या मनात का बसत नाही? तुझी आई काळीच आहे ना रे?

'फँड्री' पाहिला असाल. नागराज मंजुळेंचा. काळी चिमणी जाळून तिची राख शिंपडली की गोरी शालू आपल्याकडं बघेल, म्हणून जब्या रानोमाळ चिमणी शोधत फिरतो. ते कोवळं पोर आहे, त्याचं काळीज समजून घेता येतं. पण आपण मिसरूड फुटलेले लोक अजून चिमणीच शोधतोय. आणि ती सापडली की काय करतो? मित्रांत सांगतो, "पटवली." पटवली! वरच्या जातीची असेल तर छाती आणखी दोन इंच फुगते. जणू गडच सर केला. हजार वर्षांचा सूड एका पोरीच्या अंगावर काढायचा आणि त्याला आंतरजातीय प्रेम म्हणायचं. ती जात तोडून आली, घर तोडून आली, ती तुझ्या बहादुरीचं पदक व्हायला आली नाही. आणि आपल्या वस्तीतली पोरगी तुला पोरगी वाटतच नाही, कारण तिला जिंकून कुणाचं नाक कापलं जात नाही. दोघींनाही तू माणूस म्हणून पाहिलं नाहीस. एकीत शत्रूचा किल्ला पाहिलास, दुसरीत घरचं भांडं.

आणि ती "नाही" म्हणाली तर? १९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेला बसलेल्या पोरीला परीक्षेच्या जागी जाळून मारलं. एकतर्फी प्रेम म्हणून. महाराष्ट्र हादरला म्हणतात. कसला हादरला? त्यानंतरही आपले सिनेमे "ती नाही म्हणते म्हणजे हो म्हणते" हेच शिकवत राहिले आणि आपली पोरं कॉलेजच्या गेटवर उभी राहून तेच शिकत राहिली. ज्याला लहानपणापासून "मर्द नाही ऐकत नसतो" असं पढवलंय, त्याला पोरीचा नकार नकार वाटत नाही, मानहानी वाटते. आणि मानहानीचा बदला घ्यायचा असतो, हे त्याला गावच्या पाटलानं आधीच दाखवून ठेवलंय.

*

आता माझी पाळी.

आम्ही दोघं एकाच अभ्यासवर्गातले. ती माझ्यापेक्षा जास्त वाचायची आणि वाचलेलं लक्षात ठेवायची. माझा जीव जडला तो तिच्या भांडण्यावर. कुणी थापा मारायला लागला की ती मध्येच थांबवून विचारायची, "कुठं लिहिलंय?" दोन वर्षं बरी गेली. मग ती स्पर्धा परीक्षेत पास झाली, मी दुसऱ्यांदा नापास झालो. माझ्या आत काहीतरी सरकलं. उशीर का झाला. फोन कुणाचा होता. एवढं हसून काय बोलत होतीस. हापिसात असले कपडे लागतात का. मी कधी हात उचलला नाही, म्हणून स्वतःला फुल्यांचा वारस समजत होतो. बाप मारायचा, मी फक्त चौकशी करायचो. एवढीच एका पिढीची प्रगती.

एका संध्याकाळी चहाच्या टपरीवर आठ-दहा पोरं बसली होती आणि मी महाडवर बोलत होतो. रंगात येऊन सांगितलं की बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं आणि तिथंच मनुस्मृती जाळली, मार्चात. ती म्हणाली, "तळं मार्चात, २० तारखेला. मनुस्मृती डिसेंबरात, २५ ला. साल एकच, १९२७." पोरं हसली. आणि मी, समतेचा वक्ता, सगळ्यांसमोर तिला म्हणालो, "तू गप्प बस गं."

ती गप्प बसली. चहाचे पैसे ठेवले. जाताना म्हणाली, "मनुस्मृती कधी जाळली ते मला पाठ आहे. तुझ्यातली जाळशील तेव्हा कळव."

अजून कळवलेलं नाही. ती सुखात आहे असं ऐकतो.

तेव्हापासून मी 'सैराट' नीट बघू शकत नाही. २०१६ साली तुम्ही सगळे थेटरात नाचलात, मीही नाचलो. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, पोरांना दम देते म्हणून शिट्ट्या मारल्या. पण नंतरचं हैदराबाद आठवतं का? झोपडीत राहणारा, डोसे करणारा परश्या. गरीब, गावातनं हाकललेला, जातीनं मारलेला, आपला परश्या. तो संशयानं आर्चीच्या थोबाडीत मारतो. त्याला ते कुणी शिकवलं? आर्चीच्या बापानंच. जिच्यासाठी दोघांनी जीव धोक्यात घातला, त्या प्रेमाच्या खोलीत पाटील भाडं न भरता राहायला आला होता. शेवटच्या रक्ताबद्दल सगळे बोलतात. त्या थोबाडीबद्दल कुणी बोलत नाही. कारण रक्त त्यांनी सांडलं आणि थोबाडीत आपण मारली.

*

आपल्या मराठीतच एक मोजपट्टी आहे. लग्नाआधी ती त्याला "अरे" म्हणते. नावानं हाक मारते, टपलीत मारते, मोर्च्यात खांद्याला खांदा लावून चालते. लग्न लागलं — बुद्धासमोर, बाबासाहेबांच्या फोटोसमोर — की दुसऱ्या दिवसापासून "अहो". तो मात्र "अगं"च म्हणतो. एका रात्रीत कोण मोठं झालं आणि कोण लहान? सासू सांगते म्हणून, लोक काय म्हणतील म्हणून, असं म्हणाल. मग लोकांना विचारूनच विद्रोह करायचा होता तर मुळात कशाला केला?

आणि वर मागणी काय? "बायको रमाईसारखी हवी." दर भीमजयंतीला, दर लग्नात हे ऐकतो. रमाईनं हालात दिवस काढले, चार लेकरं पुरली, १९३५ साली गेली. तिच्या कष्टाचं मोल बाबासाहेबांना होतं, म्हणून त्यांनी पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ तिच्या स्मृतीला अर्पण केला. तुम्हाला तिचा त्याग हवाय, कारण तो फुकट मिळतो. बाबासाहेबांसारखा अठरा तास अभ्यास करीन असं कुठला नवरदेव माईकवरनं बोलला? रमाई हवी आणि स्वतः मात्र नाक्यावर कॅरम.

बाबासाहेबांना बायको कशी हवी याचं उत्तर त्यांनी स्वतः दिलंय. जुलै १९४२, नागपूर. अखिल भारतीय दलित महिला परिषद. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया जमलेल्या. त्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, एकापेक्षा जास्त बायका करण्याला विरोध केला. स्वातंत्र्याच्या पाच वर्षं आधी! त्या बायांना बाबासाहेबांनी सांगितलं की लग्न करणाऱ्या प्रत्येक मुलीनं नवऱ्याची मैत्रीण म्हणून, त्याच्या बरोबरीनं उभं राहावं आणि त्याची गुलाम व्हायला नकार द्यावा. समाजाची प्रगती ते बायांच्या प्रगतीवरनं मोजतात, हेही तिथंच सांगितलं. ही मोजपट्टी आपल्या घराला लावा. माझ्या घराला मी लावली. दांडी पार खाली गेली.

*

तुम्ही काय म्हणणार ते मला पाठ आहे. मीच वीस वर्षं म्हणत आलोय.

"आधी जात जाऊ द्या, मग बायकांचं बघू." जात कुठं राहते रे? देवळात, पाणवठ्यावर आणि लग्नाच्या मांडवात. मांडव तुझ्या घरातला आहे. बाईनं कुणावर जीव लावायचा, किती शिकायचं, किती वाजता घरी यायचं हे पुरुष ठरवतो, तोवर जात जिवंत आहे. तिच्यावर पहारा देणारा प्रत्येक भाऊ, बाप, नवरा, यार हा जातीचा बिनपगारी शिपाई आहे. मग त्याच्या गळ्यात निळा गमछा असो नाहीतर भगवा.

"ही पांढरपेशा बायकांची खुळं." त्या बायकांनी आपल्या आयाबहिणींकडं किती वर्षं पाहिलं नाही, तो हिशेब वेगळा आहे आणि तो मांडायला आपल्या बाया समर्थ आहेत. पण बेबीताई कांबळे कुठल्या पांढरपेशा घरच्या? 'जिणं आमुचं'ची पानं त्यांनी वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवली. फलटणच्या दुकानात बसून, नवरा बघेल या भीतीनं. मल्लिका अमरशेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' १९८४ साली आलं. पँथरच्या एका संस्थापकाशी झालेल्या त्यांच्या लग्नाचं ते पुस्तक. तुमच्यापैकी किती जणांनी वाचलं? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायांना भेटल्या, त्यांच्या तोंडचं लिहून घेतलं आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' छापलं. नावातला तो "ही" वाचा. कुणाला उद्देशून आहे तो? आपल्याला.

"पण पोरींनाच दांडगा गडी आवडतो." हे खरंय. काहींना आवडतो. का आवडतो ते विचारलंत? रात्री दहाला स्टेशनवरनं वस्तीत यायचं तर वाटेत चार टोळकी उभी. मग वाटतं, एखादा दांडगा बरोबर असलेला बरा. पुरुषापासनं वाचायला पुरुष लागतो. हा नाक्यावरच्या दादाचा धंदा झाला : आधी भीती दाखवायची, मग संरक्षणाचा हप्ता घ्यायचा. प्रेमातला हप्ता पैशात घेत नाहीत. तिच्या हसण्यात, कपड्यात, फोनमध्ये, मैत्रिणींत, शिक्षणात घेतात. पोरींनो, तुम्हालाही सांगतो, त्याचा संशय म्हणजे त्याचं प्रेम हे तुम्हाला ज्यानं शिकवलं, त्यानंच त्याला मारायला शिकवलं. मत्सराला माया समजू नका. दुबळा पोरगा, रडणारा पोरगा, कमी पगाराचा पोरगा, भाकरी थापणारा पोरगा तुम्हालाही हसण्यावारी न्यावासा वाटत असेल, तर तीही नामर्द म्हणण्याचीच एक तऱ्हा आहे.

"बरोबरी आली की ओढ राहत नाही." हे सगळ्यात मोठं खोटं. मालक आणि गुलाम यांच्यात ओढ असते? गुलामाला भीती असते आणि मालकाला सवय. ओढ दोन सुट्या माणसांत असते, जी उद्या निघून जाऊ शकतात आणि तरी आज थांबतात. प्रेमपत्र वाचायचंय? सावित्रीबाईंनी २९ ऑगस्ट १८६८ ला नायगावातनं जोतिबांना लिहिलेलं पत्र वाचा. गावात गणेश नावाचा ब्राह्मण पोरगा आणि शारजा नावाची महार पोरगी. तिला दिवस गेलेले. गावानं दोघांची धिंड काढली, मारून टाकायला निघाले. सावित्रीबाई एकट्या मध्ये पडल्या, गावाला सरकारी कायद्याचा धाक घातला, दोघांना सोडवलं आणि जोतिबांकडं पाठवून दिलं. ते सगळं नवऱ्याला कळवलं, जसं एका आघाडीवरनं दुसऱ्या आघाडीला कळवतात. विचारलं नाही की मी जाऊ का, करू का, तुम्ही रागावणार नाही ना. त्या पत्रात दोन प्रेमं आहेत, एक वाचवलेलं आणि एक लिहिणारीचं. १८६८ साली आज्ञा न मागता नवऱ्याला पत्र लिहिणारी बाई होती आणि ते अभिमानानं वाचणारा नवरा होता. दीडशे वर्षांनी आपण बायकोच्या फोनचा पासवर्ड मागतो.

*

मग करायचं काय?

पहिलं, शिवी बदला. आयबहीण काढायची नाही. नामर्द, बायल्या हे शब्द पत्रकातनं, घोषणेतनं, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमधनं हद्दपार. दुष्मनाला चोर म्हणा, खुनी म्हणा, दलाल म्हणा. मराठीत शिव्यांना तोटा नाही.

दुसरं, ती नाही म्हणाली की नाही. त्यावर कविता नको, मित्रांची शिष्टाई नको, गेटवर उभं राहणं नको. नकार पचवता येणं हीच पहिली मर्दानगी, असं लिहिणार होतो. पण तो शब्दच नको आता. माणुसकी म्हणा.

तिसरं, अभ्यासवर्गाला चहा कोण करतं, खुर्च्या कोण मांडतं आणि भाषण कोण करतं याची एक महिना वही ठेवा. मग ती वही अभ्यासवर्गातच मोठ्यानं वाचा.

चौथं, संघटनेतला कुणी घरात हात उचलतो हे कळलं, तर तो कितीही मोठा वक्ता असो, त्याला माईक मिळणार नाही. "घरगुती बाब" म्हणून झाकलं तर झाकणाराही माईकवरनं खाली. २००५ साली घरातल्या हिंसेविरुद्ध कायदा झाला. त्याची अर्जी लिहायला आपल्या पोरींबरोबर आपण जायचं, नवऱ्याच्या बाजूनं समझोता करायला नाही.

पाचवं, तुमची बहीण जात तोडून लग्न करत असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणीला साक्षीदार म्हणून तुम्ही जा. तीस दिवसांची नोटीस लागते. त्या तीस दिवसांत धमक्या येतात, फोन येतात, गाड्या येतात. ते तीस दिवस तिच्या दारात उभे राहा. तिच्यावर पहारा द्यायला नाही. तिच्या निवडीवर कुणी हात टाकू नये म्हणून.

आणि बांगड्या. गड्या, ज्या साहेबाला तू बांगड्या दिल्यास, त्याला हसू आलं असेल. त्याच्याही घरात बायको "अहो"च म्हणते. तुमचं दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या महागाईत मुंबईच्या बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, थाळ्या बडवल्या, पाण्यासाठी हंडे घेऊन कचेऱ्यांवर गेल्या. त्यांनी कुणाला बांगड्या दिल्या म्हणून सरकार हाललं नाही. बांगड्या भरलेल्या हातांनी लाटणं उगारलं म्हणून हाललं.

तेव्हा कचेरीत जा आणि त्या बांगड्या परत घेऊन ये. त्या साहेबाची लायकी नाही. पुढच्या मोर्च्याला रिकामे हंडे न्यायचे, दोनशे बायांचे दोनशे. घोषणा काय द्यायची ते आपण ठरवायचं नाही. त्या फुटक्या टाचांच्या बाईला विचारायचं. ती पुढं, आपण मागं.

आणि तुझी ती, जिच्यावर तुझा जीव आहे, ती त्या मोर्च्यात तुझी तारीख चुकली म्हणून सगळ्यांसमोर टोकेल. तेव्हा हस. आणि तारीख दुरुस्त करून घे.

जय भीम.